दोन डबे काळं ऑइल

६ नोव्हें. १९९६
गॅरेजात दिवसभर गाड्यांचं सर्व्हिसिंग. दिवाळीच्या तोंडावर अख्ख्या शाहूपुरीला ऑइल बदलायची आठवण होते. एका मास्तरांना झापलं. नवं ऑइल महिन्यात काळं पडलं म्हणे. म्हटलं भेसळ आहे, दुकान बदला, चांगलं ऑइल पिवळं राहतं. बावीस वर्षं या धंद्यात आहे, बोटांत चोळून सांगतो मी ऑइल कसं आहे ते.

संध्याकाळी गावाहून थोरल्या दादाचा फोन. "बाळू, गाड्यांचं काढल्यालं काळं ऑइल दोन डबे आण. पाडव्याला गंगी चमकाय पायजे. गल्लीत बी मागत्यात." म्हशीच्या गोचिडांसाठी महिन्याला एक डबा देतोच, या वेळी दोन. नाहीतरी गटारातच जातं.

१३ नोव्हें.
काल पाडवा. परवाच दोन्ही डबे घेऊन गावी, गडमुडशिंगीला गेलो होतो. म्हशी पळवल्या, आमची गंगी पहिली!! शिंगं लाल रंगवलेली, कपाळावर मोरपिसं, अंगाला आपलं ऑइल. नुसती झळाळत होती. दादा सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर पुढे आणि ही त्या आवाजामागे सुसाट. शेजारचा मल्लाप्पा दुसरा आला, तोंड पाडून घरी गेला. दादाच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिला तुमचं ऑइल लई ग्वाड लागतंय बगा. अंग चाटती, डबा बी चाटून पुसून ठेवला." सगळे हसलो. मी जरा जास्तच.

१९ नोव्हें.
गंगी चारा खात नाही. दादानं बोलावलं म्हणून गेलो. भिंतीला डोकं लावून उभी आहे. डोळ्यांपुढे हात हलवला तर पापणी लवत नाही. दात करकर खाते, ओसरीपर्यंत ऐकू येतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "वेगळं काय खाल्लंय का?" काही नाही म्हटलं. दादाही तेच म्हणाला.

२१ नोव्हें.
गेली.
दादा तिच्या गळ्याला मिठी मारून बसला, उठेना. मग एकदम म्हणाला, "मल्ल्यानं घातलं कायतरी. हारला न्हवं का." मला लगेच पटलं. मीच पुढे होऊन गल्लीसमोर मल्लाप्पाची गचांडी धरली. तो एवढंच म्हणाला, "शप्पत सांगतो बाळूदा, तुमच्या गोठ्यात पाय न्हाई ठेवला म्या." घरात गेला आणि दार लावून घेतलं. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

१ डिसें.


ऑइल कंपनीनं मेकॅनिक लोकांना बोलावलं होतं. जेवणासाठी गेलो. एक केमिस्ट बाई फळ्यावर काढून दाखवत होत्या. ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे, त्यात रसायनं मिसळलेली असतात. एक फेस होऊ देत नाही. एक जस्त-फॉस्फरसचं, लोखंडावर पातळ थर धरतं. एक काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतं. "म्हणून ऑइल काळं पडतं. काळं पडलं म्हणजे काम करतंय." मास्तरांचं तोंड आठवलं. बावीस वर्षं काय शिकवत होतो मी लोकांना?

पण ते काहीच नव्हे. पुढे म्हणाल्या, वापरलेलं ऑइल जपून ठेवा. पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असतं, ते या ऑइलमध्ये उतरतं.
मी उठून विचारलं, "जनावरानं चाटलं तर?"
"किती?"
"डबा. दर महिन्याला."
त्यांनी खडू खाली ठेवला. "डोळे जातात. भिंतीला डोकं लावून उभं राहतं. दात खातं."
यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं.
जेवलो नाही.

२ डिसें.
गॅरेज उघडलं नाही. हात तीनदा धुतले, नखांतलं जात नाही. याच हातांनी डबा भरला, झाकण लावलं, एस्टीत मांडीवर घेऊन गेलो. गंगीला मी मारलं. लिहिलं तरी खरं वाटत नाही.

दादाला सांगू कसं? तो मला घरात घेणार नाही. आणि नाही सांगितलं तर मल्लाप्पा... गल्लीत त्याच्याशी कोणी बोलत नाही म्हणे. गचांडी मी धरली होती.

५ डिसें.
सांगितलं. गोठ्यातच, उभ्या उभ्या. वहिनी मटकन खाली बसल्या. दादा ओरडेल वाटलं होतं. त्यानं खुंटीवरचा रिकामा डबा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाला,
"मल्ल्यानं बी ऑइल न्हेलतं की. ह्याच डब्यातनं. पाडव्याच्या आदल्या दिशी."

दोघं तसेच अनवाणी त्याच्या दारात. दादानं हाक मारली, "मल्लू, दार उघड. तुझ्या म्हशीचं सांगायचं हाय. चूक आमचीच हाय बाबा." आतून त्याच्या बायकोचा आवाज, "जावा तुमी. आता आमच्या म्हशीला काय घालाय आलाय?"

परत हाक मारणार, तेवढ्यात बाजूच्या गोठ्यातून ऐकू आलं. करकर. दादानं माझा दंड धरला तो सोडेचना. मी दुसऱ्या हातानं कडी वाजवत राहिलो. दार उघडलं नाही.

उद्या सकाळी डॉक्टरांना घेऊन जातो. वेगळं काय खाल्लंय म्हणून विचारलं तर या वेळी सांगता येईल. दार तेवढं उघडलं पाहिजे.