सोमेश्वरच्या गाडीतला पिवळा दिवा

५ एप्रिल, रविवार

गाडी आली आज. पांढरी, डिझेलची, काचा काळ्या. नंबर वाचायच्या आधीच ओळखली — पिंपळगाव रेणुकाई गावचा सोमेश्वर. ज्याच्याशी शालूचं जमवून राह्यलेत, तोच. हसनाबादेत दुसरी गॅरेजं न्हाईत का? पण त्याला नजीरभाईच्याच दारात यायचं होतं, अन् तिथं मी कामाला.

मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला. "पुण्याहून येताना नगरच्या पुढं लागला," म्हणे. दर वाक्यात पुणं! कंपनीत इंजिनिअर आहे, सोमवारी पहाटे जातो, शनिवारी येतो, एसटीनं कधी गेलोच न्हाई — कुणी विचारलं होतं? मंग माझ्याकडं बघून नजीरभाईला म्हणतो, "हा कॉलेजात होता ना? दात पाडला होता कुणाचा तरी?"

माझ्या हातात पाना. नजीरभाईनं डोळ्यानंच सांगितलं, खाली ठेव.

हो, पाडला दात. एक पोरगा शालूच्या चालण्याची नक्कल करत होता वर्गासमोर. प्राचार्य म्हणाले माफी माग. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर टाकलं अन् निघालो. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. त्याचं मला काही न्हाई. शालूला ते ठाऊक आहे, तेवढं बस.

नजीरभाईनं धुराच्या नळीचा सेन्सर काढून साफ केला, मशीन लावून दिवा घालवला. चहाच्या टेबलावर साखरेचा डबा होता अन् डिझेलच्या टाकीचं झाकण उघडं. साखर टाकीत ओतावी म्हणून डब्याला हात लागला होता माझा. नजीरभाईचं नाव जाईल म्हणून काढला. त्या माणसासाठी न्हाई.

९ एप्रिल, गुरुवार

दैवशाला आल्ती. माझी चुलत बहीण, शालूच्याच वर्गात आहे भोकरदनला. म्हणाली, १९ तारखेला बैठक, सुपारी फुटणार. शालूचे वडील कचरूआबा एकाच गोष्टीवर अडलेत — पोराची पुण्याची नोकरी पक्की पाहिजे.

"अन् शालूला विचारलं का कुणी?"

दैवशाला ताटातले तांदूळ निवडत बसली. मंग मी काय समजायचं? बळंच देऊन राह्यलेत तिला.

१९ तारीख. बघतो कशी फुटते सुपारी.

१२ एप्रिल, रविवार

दिवा परत लागला!! सकाळीच गाडी दारात. सोमेश्वरचा आवाज चढलेला. "साफ केला म्हणाले होते ना, चाचा?"

नजीरभाई म्हणाले, डिझेल खराब असेल. फिल्टर बदलला. दिवा तसाच. नळ्या तपासल्या, कुठं फट न्हाई. मंग ते नमाजाला गेले अन् मला म्हणाले, "तू बैठ मशीन लेके. गुस्से से नै, दिमाग से देख."

बसलो. एकेक आकडा वाचला. या नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक जाळी असते, काजळी धरायला. गाडी मोठ्या रस्त्यावर एकसारखी पळाली की नळी तापते अन् काजळी आपोआप जळून जाते. याची जाळी गच्च भरलेली. मशीन सांगतं शेवटची कधी जळाली ते — दिवाळीच्या आसपास. तेव्हापासून एकदाही न्हाई.

जो माणूस दर आठवड्याला पुण्याला जाऊन येतो, त्याची जाळी भरेल कशी?

मंग इंजिन किती तास चाललं ते बघितलं अन् गाडी किती किलोमीटर पळाली ते. जुळतच न्हाईत. इंजिन चाललंय, गाडी चाललेली न्हाई. म्हणजे कुठंतरी उभी राहती, एसी लावून, रोज. बॉनेट उघडलं तर काचेखालच्या खाचेत कडूलिंबाचा मोहर साचलेला. लिंबाच्या झाडाखाली उभी राहती.

तेच आकडे परत परत वाचले मी. रागानं न्हाई, आनंदानं.

नजीरभाई आल्यावर दाखवलं. त्यांनी सोमेश्वरला बाजूला घेतलं, "गाडी को लंबा रोड दो, साब. घंटाभर एक सरीकी पळवा, दिवा जाईल."

"दर सोमवारी पुण्याला जाते की हो," म्हणाला. पण घसा खाकरून म्हणाला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

मी मशीन पेटीत ठेवलं. इतक्यात कशाला बोलू?

१४ एप्रिल, मंगळवार

झोप न्हाई. डोक्यात त्याच्या काळ्या काचा. खोटारडा. शालूच्या बापाला पुण्याचा पगार दाखवतो अन् इथं झाडाखाली एसी खातो. एकटाच खात असेल का?

१५ एप्रिल, बुधवार

सापडली!

दुपारी नजीरभाईला म्हणलं, पार्ट आणायला जातो, अन् लिंबाची झाडं धुंडत निघालो. भोकरदनच्या रस्त्याला बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे, तिच्या मागं मोठा लिंब. त्याच्याखाली पांढरी गाडी. इंजिन चालू. बुधवारी. पुण्यात असायला पाहिजे होता साहेब!

मी भिंतीआड मोटरसायकल लावली. काळ्या काचेतून नीट काही दिसेना, पण पलीकडच्या सीटवर कुणीतरी बाई होती. पाठमोरी, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. उन्हाळ्यात सगळ्याच पोरी गुंडाळतात. चेहरा दिसला न्हाई. मला चेहरा पाहिजेच कशाला? एक बाई आहे, बस झालं. जवळ जाऊन काच फोडावी वाटली. पण फोडली असती तर मारामारी मीच केली असं झालं असतं. यावेळी न्हाई. यावेळी तो मार खाईल, अन् माझा हात लागणार न्हाई.

शालू बिचारी त्या वेळेला कॉलेजात असती.

१६ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. कचरूआबा विकास सोसायटीसमोर बसले होते, शेजारी त्यांची भावकी. मी चपला काढून समोर उभा राहिलो, एकेक गोष्ट सांगितली. जाळी, तास, किलोमीटर. त्यांना ते काही कळलं न्हाई. मंग सरळ सांगितलं, "आबा, ती गाडी दिवाळीपासून पुण्याला गेलेलीच न्हाई. पोरगं इथंच असतं. अन् दुपारी गाडीत एक बाई असती."

आबांचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला. "कुठं म्हणला?"

"बंद जिनिंगच्या मागं. लिंबाखाली."

"तू बघितलं?"

"डोळ्यानं."

उठले. टोपी नीट केली. भावकीतल्या चौघांना म्हणाले, "चला रे." एकानं विचारलं काठ्या घेऊ का. आबा म्हणाले, राहू दे, आधी बघू.

परतीला मी मोटरसायकल इतकी जोरात हाणली की डोळ्यातून पाणी आलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

नजीरभाईला कळलं. मला वाटलं हसतील. नमाजाहून आले, टोपी खिशात घातली अन् समोर बसले.

"मियाँ, गाडी अपने पास कपडे उतार के खडी रहती. उसमें कंगवा मिलो, बिल मिलो, किसी का बुरखा मिलो — बाहर जा के बोलते नै."

म्हणलं, तो खोटं बोलून पोरगी घेत होता.

"तेरी कौन लगती वो?"

मी पाने पेटीत भरायला लागलो. म्हणाले, महिना झाला की दुसरीकडं बघ. बघतो. हसनाबादेत गॅरेजं कमी न्हाईत.

१८ एप्रिल, शनिवार

बैठक मोडली! मांडववाल्याला आबांनी न्हाई म्हणून कळवलं, मी स्वतः ऐकलं. उद्या सुपारी न्हाई, काही न्हाई. सोमेश्वर, आता सांग पुणं. आता विचार माझ्या कॉलेजाचं.

दोन वर्षांत पहिल्यांदा आईला म्हणलं, वरण वाढ अजून. दैवशाला मात्र दारावरून गेली, हाक मारली तर थांबली न्हाई. पोरींचं काही कळत न्हाई. शालूला ती सांगेलच कुणी वाचवलं ते.

शालू येईल. नवीन शर्ट इस्त्रीला टाकलाय.

२० एप्रिल, सोमवार

दैवशाला आली, उंबऱ्यावरच उभी राहून बोलली. गाडीतली बाई शालू होती. त्याची नोकरी दिवाळीतच गेली, ते शालूला पहिल्यापासून ठाऊक. आबा बिननोकरीचा जावई करणार न्हाईत म्हणून दोघं रोज रडत बसायचे तिथं. आता भावकीनं पोरगी गाडीत बघितली — आबांना नोकरीचं नाव काढायला तोंड राहिलं न्हाई. उद्या लग्न, रेणुकाईच्या देवळात. बैठक नको, मांडव नको, लवकर उरका म्हणाले.

शालूचा निरोप आहे — तुझ्यामुळंच झालं, जेवायला ये.