नाटकाचं दुसरं तिकीट

पुणे, सोमवार

वेदश्रीच्या बाबांना नमस्कार,

लेक-नातू मजेत हायेत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

आपलं ते गाण्यांचं नाटक तीस वर्षांनी पुन्हा लागून राह्यलं. वेदश्रीनं दोन तिकिटं काढली, अन् तुमची रोज नवी सबब! काल गुडघा, आज घराले कुलूप कसं लावू. फोनवर नुसतं "पाहू" म्हणता, म्हणून लिहून राह्यली.

नव्या लग्नात वर्ध्याले हेच पाहताना तुम्ही नायक-नायिकेच्या ताटातुटीच्या गाण्याले चारदा वन्स मोअर दिलता. अल्लीपूरची शेवटची बस चुकली अन् सासूबाईंची बोलणी मी खाल्ली!

मले इकडे येऊन चार महिने झाले. शुक्रवारी गाडीत बसा. आपल्या ताटातुटीले मी वन्स मोअर देणार नाई.

चिडलेली,
शरयू