डाव्या पायावरचा भार

प्रिय साहिलदादा,

फोन केला तर मी नुसती रडत बसेन आणि तुला तिकडे मस्कतला काहीच कळणार नाही, म्हणून मोबाइलवर हे लिहून पाठवतेय. शेवटपर्यंत वाच.

माझा ॲनिमेशनचा कोर्स सुरू झालाय, हे तुला माहीत आहे. या वेळी कॉम्प्युटरवरच्या माणसाला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यायला शिकवायचं होतं. वाटतं सोपं, पण माझा माणूस दोरीला टांगल्यासारखा तरंगायचा. विनितामॅडम म्हणाल्या, "पाय उचलायच्या आधी कंबर दुसऱ्या पायावर जाते. खरा माणूस बघ." मला आपले आप्पाच आठवले. रेवसच्या धक्क्यावर लाँचचा दोर बांधताना त्यांचा एक पाय धक्क्यावर, एक हलत्या लाँचवर. आई होती तेव्हा ती भीतीने तिकडे बघायचीसुद्धा नाही. मी त्यांचा व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम थांबवून माझ्या माणसाला तसंच हलवलं.

तरी तो बिघडलेलाच दिसे. डाव्या पायावर कंबर यायचीच नाही, डावा हात लोंबायचा. किती वेळा दुरुस्त केलं! शेवटी मॅडमनी मूळ व्हिडिओ मागितला, पाहिला आणि हळूच विचारलं, "हे कोण गं? यांना डॉक्टरकडे नेलंस का?" म्हणजे बिघाड माझ्या माणसात नव्हता, आप्पांच्याच डाव्या अंगात होता.

आप्पांना सांगितलं तर हसले. "माझा पाय हाय, मला ठाव न्हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी भरतीला लाँच वर-खाली होत होती. त्यांनी डावा पाय टाकला आणि तो दुमडलाच. लाँचवरच्या मोरूकाकांनी सदरा धरून मागे ओढलं, नाहीतर धक्का आणि लाँचच्या मधे... मी तिथेच उभी होते, दादा. अजून डोळे मिटले की ती फट दिसते.

अलिबागला डोक्याचा स्कॅन केला. गणपतीनंतर कधीतरी लाँचच्या छपराला डोकं आपटलं होतं म्हणे. कुणाला बोलले नव्हते. तेव्हापासून आत हळूहळू रक्त साकळत गेलंय. कवटीला भोक पाडून ते काढायचंय. आता आम्ही मुंबईला हॉस्पिटलात आहोत. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलंत, बहुतेक बरे होतील. त्या 'बहुतेक'ची मला फार भीती वाटते.

तुला कळवायचं नाही, अशी आप्पांनी शपथ घातलीय. नवी नोकरी टाकून धावत येशील म्हणून. मी ती पाळणारही होते. पण आज सकाळी त्यांनीच मला विचारलं, "साहिल आला का?" त्यांना आठवतच नव्हतं, तू कुठे आहेस ते. मी घाबरून म्हटलं, हो, खाली चहा आणायला गेलाय. तेव्हापासून ते दाराकडे बघतायत. परवा ऑपरेशन आहे. ये ना रे.

तुझीच, खूप घाबरलेली,
प्रणाली