शिंक्यावरचा डबा

बेळगाव
पौष शुद्ध पंचमी, शके १८३२

प्रिय मनू,

संक्रांतीला येऊ नकोस. हे आधी लिहिते, म्हणजे तू नागोजीला गाडी सांगायची थांबशील. बाळाचे हलव्याचे दागिने सादळले. मुकुटाचे काटे बसले, मनगट्या दोऱ्यापासून सुटल्या, हारांचा एकच गोळा झाला. पहिलं बोरन्हाण दागिन्यांशिवाय करायचं नाही, असं तुझ्या सासूबाई म्हणतात ना, मग त्यांना हेच कारण सांग. बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत कुठल्याही संक्रांतीला बोरन्हाण चालतं. पुढल्या वर्षी करू. तोवर ते धावायला लागेल. डोक्यावरून ओतलेली बोरं, चुरमुरे स्वतःच वेचून खाईल.

पौषात कुठं काही सादळतं का, असं तू म्हणशील. म्हणशीलच. लहानपणी परातीपाशी माझ्या मांडीला मांडी लावून बसायचीस. शेगडीची धग मंद हवी, पाक अगदी थोडा घालायचा, बोटांनी दाणे फिरवत राहायचे, आणि हवा कोरडी असेल तरच काटा येतो, हे तुला पाठ होतं. पण तुझ्या हातून दाणे परातीत कमी आणि तोंडात जास्त जायचे. आई म्हणायची, मनीची बोटं हलवा करायची नाहीत, खायची आहेत. मी सासरहून कायमची परत आले तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या बाळांचे दागिने मीच करते. माझ्या हातचे दागिने चालतात, मी समोर आलेली चालत नाही. तुझ्या बाळाच्या वेळी मात्र मला आत बसवायचं नाही, असं आईनं ठरवलं होतं. मार्गशीर्षात थंडी चांगली पडली. काटा असा आला की आई काम टाकून परातीकडे बघत राहिली. तेव्हा चांगले होते. मग सादळले.

दागिने करणं सोपं, राखणं अवघड. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत. तळाशी कळीच्या चुन्याचे खडे, फडक्यात बांधून. चुना ओल पितो आणि त्याचं पीठ होतं. मग नवे खडे घालायचे. वर कागद, मग दागिने, थराथराला जुन्या धोतराचं मऊ फडकं. झाकण उगाच उघडायचं नाही. डबा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, वाफ लागते. आपला डबा माजघरात आढ्याला शिंक्यात असतो, उंदरांमुळे. दर वर्षी ते वाशांवरून धावतात, शिंक्याची दोरी कुरतडतात, आणि आई उशाशी काठी घेऊन निजते. यंदा त्यांचा आवाजच नव्हता. आम्हाला बरं वाटलं. शेजारची बाळाबाई जोंधळे निवडायला आली होती, ती वर बघून म्हणाली, "उंदरास्नी काय झालं गं? आवाज न्हाय, काय न्हाय. का तीबी तुमच्यावानी सोवळ्यात बसल्यात?" आम्ही तिघी हसलो. आई सगळ्यांत जास्त हसली.

हे पत्र मी घरातून लिहीत नाही. गावाबाहेर शेतात झोपड्या घातल्या आहेत, तिथून लिहिते. अर्धी गल्ली इथं आहे. प्लेगचं नाव लिहायचं टाळत होते, म्हणून दागिन्यांचं लिहीत बसले. सकाळी उठले की कुणाकडे बघायच्या आधी मी काखा चाचपते, जांघा चाचपते. बाळाबाईही चाचपते. तेवढा वेळ आम्ही एकमेकींकडे पाठ करतो, मग वळून काहीतरी बोलतो. ती आता थट्टा करत नाही. काकतीपाशी गाड्या अडवतात आणि ज्याचं अंग कढत लागेल त्याला उतरवून घेतात, असं ऐकते. तुझ्या बाळाला दात येताहेत. त्याचं अंग कढत लागेल. ते दातांमुळे आहे हे तू कुणाला पटवणार? मला रोज तेच दिसतं. कुणीतरी हात पुढे करतं आणि तू बाळ देत नाहीस.

दागिने सादळलेले नाहीत, मनू. तुला ते पटलं नसणार, हे लिहितानाच कळत होतं. शिंक्याखाली उंदीर मरून पडला होता. तो आईनं एकटीनं पाहिला. वर्दी दिली की म्युनिसिपालटीची माणसं येतात, कौलं उतरवतात, पंपानं घरभर औषध मारतात. डबा भिजला असता. म्हणून तिनं उंदीर शेपटीला धरून उचलला, परसात पुरला, हात धुतले आणि माझ्याशेजारी बसून बाळाच्या बासरीवर हलवा चिकटवू लागली. मला हे तिनं स्वतःला ताप चढल्यावर सांगितलं. मनूला कळवू नकोस, ती येईल, असंही म्हणाली. आई आता पलीकडच्या पत्र्याच्या दवाखान्यात आहे. आत जाऊ देत नाहीत. मी कुंपणाशी उभी राहते. काल तिनं हात वर केला. आज केला नाही. तुला न कळवावं तर तू संक्रांतीसाठी येशील, कळवावं तर आईसाठी येशील. खोट्यानं तू थांबणार नाहीस, म्हणून खरं लिहिलं. पुढचंही, जे काय होईल ते, मीच कळवीन. दुसऱ्या कुणाचं ऐकून निघू नकोस. कागद उन्हात वाळवून पाठवते आहे. तरी वाचून झाला की चुलीत घाल आणि हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नकोस. उद्या आपल्या घराची कौलं उतरवणार आहेत. डबा अजून शिंक्यातच आहे. आणायला मला सोडत नाहीत. आज दागिने कोरडे आहेत. उद्या ते भिजतील, आणि सासूबाईंना तुला खोटं सांगावं लागणार नाही. आईनं डबा राखला. बाळ तू राख. येऊ नकोस.

तुझीच,
आक्का