तीन इच्छुक आणि माझी सही

रविवार, १ डिसेंबर १९९६
डोकं फिरलंय. महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून पक्षाचं तिकीट कोणाला, म्हणून देवळाच्या मंडपात तिन्ही इच्छुकांची भाषणं. आम्ही मेंबरांनी ऐकायची आणि पुढच्या रविवारी हात वर करून एकाला निवडायचं. मी मार्क दिले. दामाजी: शंभरात अकरा. वीस मिनिटं कमानीवर बोलला. गावाला कमान हवी म्हणे! नळाला पाणी नाही आणि कमानीखालून काय रिकामे हंडे न्यायचे? भगवान: सात. घोडबंदर रोडच्या बिल्डरांचा माणूस. मिठागरांवर टॉवर येणार हे असं सांगत होता, जसं काही आमच्यावर उपकारच. कोळीवाड्यातल्या कलावतीबाई: चार. ह्याला भाषण म्हणत नाहीत. गटार कुठे कुठे तुंबतं ते सांगितलं आणि खाली बसल्या.
शेजारी नाथा बसलेला. म्हणाला, मग तूच उभा राह ना रे, गोपीनाथ. म्हणजे जनतेची मागणी आहे तर!

सोमवार, २ डिसेंबर, सकाळी
निर्णय पक्का. मीच उभा राहणार. अर्जावर एक सूचक लागतो, शनिवारपर्यंत. त्यात काय, अख्खा वॉर्ड माझ्यामागे आहे. शेवटच्या दिवशी बॉम्ब टाकायचा. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

संध्याकाळी
दामाजी आलेला. तोंडावर सुनावायचं ठरवलेलं. चहा पिता पिता त्याने अर्ज पुढे सरकवला. सूचक म्हणून सही केली. बावीस वर्षं कोर्टात क्लार्क आहे. पेन्सिलने फुली मारलेली जागा दिसली की हात थांबत नाही. मनातून मात्र मी कडवा विरोधक आहे.

बुधवार, ४ डिसेंबर
भगवान आलेला. हलकट माणूस. त्यालाही सही दिली. एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणणं हा सरळ पक्षपात. मला पक्षपाताची चीड आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर
आरशासमोर भाषण. अकरा मिनिटं. स्वतःच्याच अंगावर काटा आला.
बायकोला, सगुणाला, सांगितलं, माझी सूचक तू. तर म्हणते, कालच कलावतीबाईंना सही दिली, एका मेंबराने एकच नाव सुचवायचं असतं. मला न विचारता? म्हणाली, तुम्ही उभे राहताय हे तुम्ही तरी कुठे सांगितलंत? आणि असा नियम असता तर मला, कोर्टातल्या माणसाला, ठाऊक नसता? संतापून जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो. बोंबील होते.

शनिवार, ७ डिसेंबर
नाथाकडे सही मागायला गेलेलो. म्हणाला, मी मस्करी केलेली रे. वर म्हणतो, दामाजीच्या अर्जावर तुझी सही बघितली, वाटलं तू तिकडचा. विश्वासघातकी! मुदत संपली. हरकत नाही. उद्या सरळ उभा राहून भाषण ठोकतो. ते ऐकल्यावर नियम कोण विचारतो?

रविवार, ८ डिसेंबर
शहराध्यक्षांनी अर्ज वाचले. दामाजी, सूचक गोपीनाथ. भगवान, सूचक गोपीनाथ. एकच सूचक, म्हणून दोन्ही बाद. कलावतीबाई बिनविरोध.
दामाजीची माणसं माझ्याकडे बघत होती. भगवानची उठून उभी राहिलेली. अध्यक्ष म्हणाले, गोपीनाथ, हा काय प्रकार आहे?
उभा राहिलो. हीच ती वेळ. अकरा मिनिटांतला एक शब्द आठवेना.
म्हणालो, सही चुकून झाली.
जोरात टाळ्या पडल्या. मागे वळून बघितलं. कलावतीबाई स्टेजवर चढत होत्या, आणि त्यांचा हात धरून सगुणा.