उजवीकडची रिकामी जागा

हॅलोवेल, मिसिसिपी
३० जानेवारी २००९

मिस ओझेला यांस सप्रेम नमस्कार,

गुडघा बरा असेल अशी आशा. मंगळवारी तुमच्या हातचं जेवून आलो, त्याचे आभार आधी. मक्याचा पाव अजून जिभेवर आहे. बायको म्हणते, ‘पोरं बघायला जातोस की आडवा हात मारायला?’ आमच्या धंद्यात दोन्ही एकच. घरी जाऊन जेवायचं, आईचं वागणं बघायचं, मग पोराला कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये शिष्यवृत्ती द्यायची.

तुमच्या थॅडला ती द्यायची नाही असं मी ठरवलंय. येत्या बुधवारी शाळेच्या जिममध्ये पोरं निवडलेल्या कॉलेजची टोपी घालून सही करतील, तेव्हा त्याला आमची टोपी घालू देऊ नका. कारण लिहायलाच बसलोय.

पोरात खोट नाही. एकशे चाळीस किलो वजन आणि पावलं मांजरीची. पुढच्या ओळीत समोरच्यांना रेटणाऱ्या या पोरांचं नाव पेपरात येत नाही, चेंडू दुसऱ्याच्या हातात आणि मार यांच्या अंगावर. तरीही थॅडसाठी चार कॉलेजं भांडतायत.

तुमच्या चर्चमधल्या बाईंनी काढलेली मॅचची सीडी आठवते? शाळेच्या चित्रणात आवाज नसतो, हिच्यात आहे. चेंडू सुटण्याआधी ओळीतली शेजारची दोन पोरं एकमेकांना ठरलेला खुणेचा शब्द ओरडून देतात, म्हणजे समोरच्याला दोघांनी मिळून रेटायचं. थॅड ओळीच्या उजव्या टोकाला उभा असतो. त्याच्या पलीकडे नुसतं गवत. तो त्या गवताकडे मान वळवतो आणि ओरडतो, “बेसी! बेसी!”

आणि समोरची दोन पोरं पडतात, मिस ओझेला. एकाला थॅडचा खांदा लागतो. दुसऱ्याला कुणीच शिवत नाही.

बेसी हे माझ्या मावशीच्या खेचराचं नाव. आमच्या टीमचे असले खुणेचे शब्द मीच ठरवतो, दर आठवड्याला नवे. तो शब्द मी एकदाच दिला होता, २००४ च्या ऑगस्टमध्ये, सकाळच्या सरावाला. त्याच दुपारी आमच्या मैदानावर तुमचा थोरला, मार्लन, गेला. पुन्हा तो शब्द मी तोंडातून काढलेला नाही.

मंगळवारी तुम्ही पुडिंग आणायला आत गेलात, तेव्हा मी थॅडला विचारलं, “हाका कुणाला मारतोस रे?”

“मार्लनला,” तो म्हणाला. वर मलाच हसला. “उजवीकडे तोच असतो ना, कोच. तुम्हाला दिसत नाही?”

“गंमत करतोस म्हाताऱ्याची?”

“नाही हो. तो म्हणतो तुमच्याकडेच ये, दुसरीकडे जाऊ नको. त्याचा फेरा अजून संपलेला नाही. एकट्याने ढकलवत नाही म्हणतो.”

  मग तो जरा खाली वाकून हळूच म्हणाला, “त्याने एक विचारायला सांगितलंय. त्या दिवशी तो दोनदा तुमच्याशी बोलला. ते आईला का नाही सांगितलंत?”

तेवढ्यात तुम्ही आलात. मी दोन वाट्या पुडिंग खाल्लं आणि बाहेर येऊन गाडीमागे सगळं ओकलो.

माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण भूत असो नाहीतर माझं पाप असो, ज्या मैदानावर एक गेला तिथे दुसरा पाठवू नका. बाकी तीन कॉलेजांपैकी कुठलंही निवडा. थॅड चिडेल, रडेल. त्याला सांगा, टिप्टनने शब्द फिरवला. माझ्या नावाने पोटभर शिव्या घालू दे.

दफनाच्या दिवशी तुम्ही माझे दोन्ही हात धरून विचारलंत, “माझं पोर शेवटी काही बोललं का?” मी म्हणालो, “काही नाही, मिस ओझेला. हसतच खाली बसला.” कॉलेजच्या वकिलालाही मी तेच लिहून दिलं.

तो बोलला होता. दुपारच्या सरावात, भर उन्हात, ढकलायचा तो लोखंडी सांगाडा रेटताना थांबून म्हणाला, “कोच, पाणी.” मी म्हटलं, “हा फेरा संपव, मग पी.” थोड्या वेळाने परत म्हणाला, या वेळी ‘सर’ लावून. मी पोरांकडे बघून म्हटलं, “बघा रे, राजकुमाराला तहान लागली.” सगळे हसले. मार्लनही हसला. ते हसणं तेवढं मी तुम्हाला खरं सांगितलं होतं.

हे सगळं सहीनिशी लिहून सोबत जोडलंय. तुमच्या एखाद्या वकिलाला द्या, पाद्रींना द्या, चुलीत घाला. तुमचा हक्क आहे.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

तुमच्या मार्लनला पाणी न देणारा,
गार्नर टिप्टन