गाडीच्या डोक्यावरचं कुंकू

नेहरू नगर, भोपाळ
कार्तिक संपत आला

तीर्थरूप सिंधूताई,

धाकट्या बाळूचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी कमरेतून वाकायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्काराचा खालचा अर्धा भाग तू मनानंच पुरा करून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की "आज बरं वाटतंय" म्हणून अजूनही डबीतच ठेवतेस? इकडे सगळं ठीक आहे. वैजयंतीचा आवाज खणखणीत आहे, केतकी ऑफिसातून आली की मोबाइलवर लग्नाच्या साड्या पाहत बसते, आणि मी निवृत्त झाल्यापासून जसा असतो तसाच आहे, म्हणजे सगळ्यांच्या मध्ये मध्ये येतो. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर फोनवर तू "गाडी कशी आहे?" एवढं विचारतेस आणि माझं उत्तर सुरू व्हायच्या आत "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होतेस. पत्राला असं करता येत नाही. (घडी घालून गादीखाली ठेवता येतं म्हणा, पण तुला तिथवर वाकायचं नाहीये.)

तर गाडी. तुला ठाऊकच आहे, कारखान्यातून सुटल्यावर आम्ही दोघांनी मराठी लग्नाच्या सामानाचा उद्योग काढला. भोपाळात मराठी माणसाला नोकरी मिळते, घर मिळतं, पोहेही उत्तम मिळतात. पण मुलीच्या लग्नात एका उंचीचे चार पाट मिळत नाहीत. पाट, चौरंग, समया, अंतरपाट, सतरंज्या असं सगळं आम्ही भाड्यानं देतो आणि चार दारांच्या त्या पिकअपमधून पोचवतो. म्हणजे आमच्या म्हातारपणाचा निम्मा भार त्या गाडीवर आहे, उरलेला निम्मा वैजयंतीवर. दसऱ्याला तू इथे होतीस, तेव्हा मी सकाळी पाइप लावून गाडीला काचेपासून चाकांपर्यंत न्हाऊमाखू घातलं. मग पूजेची वेळ झाली. तू मागे सरकत होतीस, केतकीनं तुझा हात धरून तुला पुढे ओढलं, आणि मला इंजिनिअरपणाची हुक्की आली. बॉनेटला काय कुंकू लावता, गाडीचं खरं डोकं आत असतं, असं म्हणून मी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि तो काळा डबा दाखवला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिन सोडून गाडीचा बाकीचा सगळा संसार तोच पाहतो: दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं. तू त्या डब्याला हळदकुंकू लावलंस, एक फूल ठेवलंस, आणि मी सगळ्यांना त्याच्यावर व्याख्यान दिलं.

पुढचं तूही पाहिलंस, तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. संध्याकाळी सोनं द्यायला निघालो आणि बड्या अधिकाऱ्यांच्या त्या चार इमली वस्तीत शिरताच हॉर्न आपोआप सुरू झाला. त्या भागात हॉर्न वाजवणं म्हणजे वाचनालयात ढोल बडवणं. पाठोपाठ कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लागले, आणि चारही दारांची कुलपं खटाखट लागून आपण सगळे आत. प्रत्येक बंगल्यातून एकेक गार्ड धावत आला. एकानं तर कोणी बडं माणूस आलंय समजून फाटक सताड उघडलं आणि सलाम ठोकला. (मी परत केला. माणसानं शिष्टाचार सोडू नये.) केतकीला हसू आवरेना. तू मात्र मांडीवर आपट्याची पानं घट्ट धरून बसली होतीस. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर, डब्यात चढल्यावर, खिडकीतून तू म्हणालीस, "बाळू, मी म्हणत होते ना, माझा हात नको लागायला." मी उत्तर द्यायच्या आत गाडी सुटली. हे पत्र म्हणजे ते उत्तर आहे. फक्त ते शोधायला मला दीड महिना लागला आणि वाटेत बराच मार खावा लागला.

पहिला मार माझ्या हुशारीचा. जन्मभर कारखान्यात मोठमोठी यंत्रं दुरुस्त केली, तेव्हा एवढ्याशा पिकअपला मी कशाला भिणार? आधी मी बॅटरी बदलली. मग हॉर्न बदलला. (नव्या हॉर्नचा आवाज जुन्यापेक्षा जास्त लांब जातो, एवढा फरक पडला.) मग वायपरची मोटर बदलली. गाडी दोन दिवस शहाण्यासारखी वागायची, मी घरात ताठ मानेनं फिरायचो, आणि तिसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेलो की भर बाजारात तिच्या अंगात यायचं. वैजयंती नुसती पिशवी घेऊन उतरायची आणि आमची ओळख नसल्यासारखी पुढे चालायला लागायची.

दुसरा मार तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला, शिवाजी नगरातल्या एका लग्नात. पाट, चौरंग उतरवून झाले होते, केबिनमध्ये फक्त अंतरपाट राहिला होता. मी तो घ्यायला वळलो तोच दारांना आपोआप कुलूप, इंजिन चालू, किल्ली आत, अंतरपाट आत, आणि मी बाहेर. गुरुजी घड्याळ पाहायला लागले. शेवटी नवरीच्या मामानं आपली शाल काढून दिली आणि तीच मध्ये धरली. शाल झिरझिरीत होती, तेव्हा नवरानवरी पूर्ण वेळ एकमेकांकडे बघून हसत होती, आणि खरं सांगतो, इतकं गोड लग्न मी आजवर पाहिलं नाही. पण पहिल्या मंगलाष्टकाला गुरुजींनी "सावधान" म्हटलं आणि बाहेर हॉर्न वाजला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यापासून गुरुजीच हॉर्नसाठी थांबायला लागले. मुलाकडची मंडळी इंदूरची, हिंदी बोलणारी. त्यांनी मला अदबीनं विचारलं की मराठी लोगों में ये रिवाज बहुत पुराना है क्या. मी हो म्हणालो.

मग मात्र कोटऱ्याजवळच्या सुरेशकडे गेलो. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि माझ्याइतकाच आत्मविश्वासानं चुकतो, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्यानं आधी सगळे फ्यूज बदलले, मग एक वायर बदलली, मग ती काढून जुनीच परत लावली. अखेर झाकण उघडून डब्याला लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "अंकल, इसका तो दिमाग ही घूम गया है." तेवढ्यात त्याला वरचं कुंकू दिसलं. त्यानं विचारलं, "ये टीका किसने लगाया?" वैजयंती म्हणाली, "इनकी बड़ी बहन ने. और बहुत अच्छा लगाया है." सुरेशनं कानाला हात लावला आणि चप्पल काढून पुढचं काम केलं.

मी काटकसर सुचवली, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या पिकअपचा डबा आणून बसवला. पण ताई, या डब्यांना आपल्या गाडीची किल्ली ओळखीची लागते. तो डबा आमच्या किल्लीला ओळखही देईना, गाडी सुरूच होईना. आम्ही ती ढकलत परत सुरेशच्या दुकानात नेली. (ढकलत म्हणजे सुरेश आणि वैजयंतीनं. माझी कंबर तुला माहीतच आहे. मी स्टिअरिंग धरून प्रोत्साहन दिलं.) शेवटी नवा डबा मागवला. तो बसवल्यावर बॉनेट उघडून बॅटरी परत जोडताना सुरेशच्या हातातून एक स्क्रू निसटला आणि समोरच्या काचेखाली, वायपरच्या जाळीत पडला. तो शोधायला जाळी काढावी लागली. आणि जाळीखाली काय निघावं? अक्षता. भिजलेल्या, आंबलेल्या, इडलीच्या पिठासारख्या घट्ट बसलेल्या. पिवळ्या, लाल, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि मुंडावळ्यांचे मणी. तिथलं पाणी जायचं भोक त्यांनी गच्च बुजवलं होतं.

प्रत्येक लग्न उरकलं की वैजयंती आणि मी दोन टोकं धरून सतरंज्या झटकतो, आणि झटकतो कुठे, तर गाडीच्या तोंडासमोर, कारण तिथेच जागा असते. भोपाळातल्या निम्म्या मराठी जोडप्यांवर पडलेल्या अक्षता आमच्या गाडीत मुरल्या. मग पावसाचं पाणी असो की माझ्या पाइपचं, तिथे तुंबून आत झिरपायचं आणि थेट त्या डब्यावर ठिबकायचं. सुरेशनं जुना डबा फोडून दाखवला. आत सगळीकडे हिरवा गंज चढलेला, चांगला जुना. वरच्या झाकणावर तुझं कुंकू होतं तसंच होतं, कोरडं, जागच्या जागी. (सतरंजी झटकताना बॉनेटच्या बाजूला कोण उभं राहत होतं यावर घरात अजून वाद चालू आहे. मी नव्हतो.)

तेव्हा ताई, तू हात लावायच्या कितीतरी आधी तो डबा सडला होता. भाऊजी गेल्यापासून तू हळदीकुंकवाच्या ताटापासून लांब बसतेस. आम्ही दर वेळी पाहतो, आणि तुला वाईट वाटेल म्हणून काही बोलत नाही, आणि न बोलल्यानं जास्तच वाईट वाटतं. तुझ्या हातात काही अशुभ नाही. हाच हात पाठीत बसला म्हणून मी मॅट्रिक झालो. मला तुझा राग येत नाही, तुझ्यावाचून घर ओकंबोकं वाटतं, एवढंच आहे. गाडी आता अगदी शहाण्यासारखी वागते.

तुझ्याहून मोठं आता आपल्यात कोणी उरलेलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे आणि लहानांना आशीर्वाद वाटून टाक. मात्र अक्षता टाकू नकोस.

तुझा,
बाळू

ता. क. येताना सांडगी मिरची आण. इथे मिळते ती नुसतीच तिखट असते. "येताना" लिहिलंय हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. माघात केतकीचं लग्न. तू फोनवर वैजयंतीला म्हणालीस की अक्षतांपुरती येईन आणि मागे बसेन. केतकीनं सासरी आधीच सांगून टाकलंय की पहिली हळद तिची आत्या लावणार, आणि आत्या नसेल तर ती हळदीला बसणारच नाही. पोरगी हट्टी आहे. कोणावर गेली हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचं ता. क. हे पत्र टाकायला सकाळी घरातून निघालो होतो. पेटीपाशी गाडी थांबवली, तेव्हा वाटलं, तू हे वाचशील, रडशील, आणि "बरं आहे" एवढंच लिहून पाठवशील. म्हणून तसाच होशंगाबाद रोडला लागलो. वैजयंती शेजारी होती. ती फक्त म्हणाली, "आता वळू नका." बैतूलला चहा घेतला. आत्ता तुझ्या बिल्डिंगखाली गाडीत बसून हे लिहितोय आणि वॉचमनच्या हाती वर पाठवतोय, कारण समोर आलो तर यातलं एक वाक्यही माझ्या तोंडून निघणार नाही. हळदीला अवकाश आहे, पण तू आजच चल. दोन साड्या घे, गोळ्या घे, गॅस बंद कर आणि ये. गाडी शहाणी झाली असं वर लिहिलंय, ते थोडं वाढवून लिहिलंय. इंजिन मी चालूच ठेवलंय. एकदा बंद केलं तर परत सुरू होईल, याची हमी सुरेशनं दिलेली नाही.